पंचवीस वर्षं उलटलेल्या फायलींबाबत: केंद्रीय मंत्रालयांतील अभिलेख अधिकाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
मा. अभिलेख अधिकारी,
भारत सरकारची सर्व मंत्रालयं व विभाग,
नवी दिल्ली

महोदय, महोदया,

मंत्र्यांना खुली पत्रं लिहिणारे पुष्कळ असतात. सचिवांनाही अधूनमधून कुणी लिहितं. अभिलेख अधिकाऱ्याला कुणी पत्र लिहिल्याचं माझ्या पाहण्यात नाही. आपल्याकडे असा एक अधिकारी नेमलेला आहे याचा पत्ता मंत्रालयातल्याच अनेकांना नसतो, आणि ज्याच्या गळ्यात हे काम पडतं त्याच्याकडे ते पुष्कळदा ‘अतिरिक्त कार्यभार’ म्हणून आलेलं असतं. तरी हे पत्र तुम्हालाच लिहितो आहे. सार्वजनिक अभिलेख अधिनियम, १९९३ च्या कलम ५ नं प्रत्येक कार्यालयात जो एक माणूस नेमायला सांगितला, तो तुम्ही आहात. त्याच कायद्याच्या कलम ६ मध्ये तुमच्या कामांची यादी आहे. ती वाचल्यावर माझी खात्री पटली की स्वतंत्र भारताच्या सरकारचा इतिहास लिहिला जाईल की नाही, हे मंत्र्यांपेक्षा तुमच्या टेबलावर जास्त ठरतं.

ती यादी तुम्हाला पाठ असेल, पण हे पत्र इतरही वाचणार आहेत म्हणून थोडक्यात सांगतो. कागद नीट लावून ठेवणं, किरकोळ कागद वेळोवेळी काढून टाकणं, पंचवीस वर्षांहून जुन्या कागदांची राष्ट्रीय अभिलेखागाराशी सल्लामसलत करून छाननी करणं आणि कायम ठेवण्याजोगे कागद वेगळे काढणं, गोपनीय शिक्का असलेल्या कागदांचा ठरावीक काळानं फेरविचार करणं, वार्षिक सूची तयार करणं. या यादीत एक काम असंही आहे ज्याकडे कुणाचं फारसं लक्ष गेलेलं दिसत नाही: आपल्या संस्थेचा संघटनात्मक इतिहास तयार करणं आणि दरवर्षी त्याला पुरवणी जोडणं. म्हणजे कृषी मंत्रालयाचा इतिहास कृषी मंत्रालयानंच लिहून ठेवायचा, अर्थ मंत्रालयाचा अर्थ मंत्रालयानं. संसदेनं हे तीस वर्षांपूर्वी लिहून ठेवलं आहे. मी इतिहासाचा शिक्षक आहे. हे कलम वर्गात वाचून दाखवलं की मुलं हसतात. त्यांनी हसू नये असं वाटतं, पण त्यांना दाखवायला माझ्याकडे तसा एकही ग्रंथ नसतो.

माझं म्हणणं एकच आहे. १९४७ नंतरच्या आपल्या सरकारचा इतिहास आज मुख्यतः तीन ठिकाणच्या कागदांवरून लिहिला जातो: परदेशी अभिलेखागारं, मोठ्या माणसांचे खासगी संग्रह आणि निवृत्तांच्या आठवणी. सरकारच्या स्वतःच्या फायली या रांगेत शेवटी उभ्या असतात. याला कारण गुप्तता आहे, असं सगळे धरून चालतात. पण फायली वेळेवर अभिलेखागाराकडे पाठवल्याच जात नाहीत, हे त्याहून मोठं कारण आहे, आणि ते दूर करायला कुठल्याही मंत्र्याच्या धाडसाची गरज नाही.

डिसेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय अभिलेखागाराचे तेव्हाचे महासंचालक चंदन सिन्हा यांनी दिल्लीत सरकारी अधिकाऱ्यांसमोरच ही परिस्थिती मांडली होती. केंद्र सरकारची मंत्रालयं आणि विभाग १५१, आणि अभिलेखागारात कागद आहेत ते जेमतेम ६४ संस्थांचे. त्यांतली मंत्रालयं-विभाग ३६. १९६२, १९६५ आणि १९७१ या तिन्ही युद्धांचे कागद अभिलेखागाराकडे नाहीत, असं ते म्हणाले. स्वातंत्र्यापासून त्या वर्षाच्या सुरुवातीपर्यंत संरक्षण मंत्रालयानं पाठवलेल्या फायली होत्या ४७६. त्याच वर्षी १९६० पर्यंतच्या वीस हजार फायली आल्या, हेही त्यांनी सांगितलं. वीस हजार फायली एका वर्षात येऊ शकतात, तर आधीची पंच्याहत्तर वर्षं कशात गेली हा प्रश्न उरतोच. पण त्याच भाषणातलं आणखी एक वाक्य मला युद्धांच्या उल्लेखापेक्षा जास्त लागलं. हरितक्रांतीच्या फायलीही अभिलेखागारात नाहीत, असं ते म्हणाले होते.

युद्धाची फाइल लपवण्यामागचा विचार निदान समजतो. गव्हाच्या बियाण्यात लपवण्यासारखं काय आहे? १९६६ मध्ये मेक्सिकोहून अठरा हजार टन गव्हाचं बियाणं आणलं गेलं. एवढं बियाणं एका देशानं दुसऱ्याकडून एकदम घ्यावं, असं तोवर झालेलं नव्हतं. सी. सुब्रमण्यम तेव्हा अन्न आणि कृषिमंत्री होते. आपले अण्णासाहेब शिंदे, नगर जिल्ह्याच्या सहकारी चळवळीतून आलेले आणि कोपरगावहून लोकसभेत गेलेले, याच मंत्रालयात साठ आणि सत्तरच्या दशकांत दीर्घकाळ मंत्री होते. अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन पीएल-४८० या अमेरिकी धान्यमदत कायद्याखालची जहाजं महिन्या-महिन्याच्या हिशेबानं सोडत होते, आणि इकडे दिल्लीत खतासाठी परकीय चलन द्यायचं का, शेतकऱ्याला भाव किती द्यायचा, यावर खात्याखात्यांत भांडण चाललं होतं. ज्यांनी रेशनवरच्या लाल मिलोच्या, म्हणजे आयात ज्वारीच्या, भाकऱ्या खाल्ल्या आहेत त्यांच्या पोटाचा हा इतिहास आहे. आज त्याचा अभ्यास करायचा तर संशोधक टेक्सासमधल्या ऑस्टिनला जॉन्सन यांच्या ग्रंथालयात जातो, नाहीतर न्यूयॉर्कजवळ रॉकफेलर संस्थेच्या अभिलेखागारात जातो. तिथं त्याला अमेरिकी अधिकाऱ्यानं दिल्लीच्या अधिकाऱ्याबद्दल काय लिहिलं ते मिळतं. दिल्लीच्या अधिकाऱ्यानं आपल्या वरिष्ठाला काय लिहिलं, अण्णासाहेबांनी समासात काय शेरा मारला, ते मिळत नाही. परिणामी हरितक्रांतीच्या कथेत अमेरिकन तज्ज्ञ नायक होतात, किंवा उलट बाजूचे लेखक त्यांनाच खलनायक करतात, आणि निर्णय घेणारी आपली माणसं पार्श्वभूमीला उभी राहतात.

फाइलच का, भाषणं आणि अहवाल छापलेले असतातच की, असं विद्यार्थी विचारतात. तुम्हाला हे सांगायला नको, पण त्यांच्यासाठी लिहितो. फाइल उघडली की उजवीकडे पत्रव्यवहार आणि डावीकडे त्या हिरवट कागदांवर टिपण्या. पहिली टिपणी खालच्या सहायकाची: प्रकरण असं आहे, पूर्वी असं झालं होतं, नियम असा आहे. मग कक्ष अधिकारी, अवर सचिव, उपसचिव, सहसचिव, सचिव, शेवटी मंत्री. प्रत्येक जण आधीच्याशी सहमत होतो, फाटा फोडतो किंवा ‘चर्चा करा’ लिहून चेंडू खाली टोलवतो. दुसऱ्या खात्याकडे फाइल गेली की तिकडचे आक्षेप त्यात येतात. सरकार नावाच्या यंत्राचं डोकं कसं चालतं ते फक्त तिथं दिसतं. कोणता पर्याय समोर होता आणि का नाकारला, हे मंत्र्याच्या भाषणात कधीच नसतं. नाकारलेले पर्याय त्या हिरव्या कागदांवरच राहतात. डॉ. आंबेडकरांची विधिमंत्री म्हणून सभागृहातली भाषणं महाराष्ट्र शासनानं छापली, ती आपण वाचतो, आणि ते योग्यच झालं. पण सभागृहात येण्याआधी एखादं विधेयक विधी मंत्रालयात कसकसं बदलत जातं, ते कामकाजाच्या छापील नोंदीत सापडत नाही.

महाराष्ट्राच्या जिव्हाळ्याचं एक उदाहरण देतो. जुलै १९५६ मध्ये चिंतामणराव देशमुखांनी अर्थमंत्रिपदाचा राजीनामा दिला. मुंबई केंद्रशासित ठेवण्याचा निर्णय मंत्रिमंडळात रीतसर विचार न होता जाहीर झाला, हा त्यांच्या निवेदनातला मुख्य आरोप होता, आणि पंतप्रधान नेहरूंना तो मान्य नव्हता. संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनावर मराठीत एवढं लिहिलं गेलं, हुतात्मा चौकात दरवर्षी फुलं वाहिली जातात, पण या एका प्रश्नावर आपण अजून ‘देशमुख म्हणाले, नेहरू म्हणाले’ एवढ्यावरच बोलत असतो. हा प्रश्न मतांचा नाही. अमुक तारखेच्या बैठकीच्या विषयसूचीत हा विषय होता की नव्हता, टिपण वाटलं गेलं की नाही, एवढंच बघायचं आहे, आणि ते मंत्रिमंडळाच्या कागदांतच असणार. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८(३) प्रमाणे वीस वर्षांहून जुन्या घटनेची माहिती बहुतेक सगळ्या अपवादांतून मोकळी होते. पण जे तीन अपवाद वीस वर्षांनंतरही कायम राहतात त्यांत मंत्रिमंडळाचे कागद येतात. देशाची सुरक्षितता आणि विधिमंडळाचे विशेषाधिकार हे उरलेले दोन. म्हणजे या कलमाच्या नजरेत १९५६ ची मंत्रिमंडळाची टिपणी आणि गेल्या आठवड्याची टिपणी सारख्याच. ही मुदत काय ते ठरवणं तुमच्या हातात नाही, हे मला ठाऊक आहे. पण अशा टिपणीची प्रत संबंधित मंत्रालयाच्या फायलीतही लागलेली असते आणि ती फाइल तुमच्या ताब्यात आहे.

आता युद्धांकडे येतो. १९६२ च्या नोव्हेंबरात हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, हे वाक्य मराठी घराघरांत माहीत आहे. संरक्षणमंत्री म्हणून धावून गेलेल्या यशवंतराव चव्हाणांच्या पुढ्यात जो सर्वांत अवघड कागद आला तो चीन युद्धातल्या पराभवावरचा हेंडरसन ब्रूक्स आणि भगत यांचा चौकशी अहवाल. यशवंतरावांनी सप्टेंबर १९६३ मध्ये त्यातल्या निष्कर्षांचा सारांश संसदेत सांगितला आणि अहवाल बंद झाला. तो आजही बंद आहे. २०१० मध्ये केंद्रीय माहिती आयोगानंही तो देता येणार नाही असं सांगितलं. २०१४ मध्ये नेव्हिल मॅक्सवेल या परदेशी पत्रकारानं आपल्याकडची प्रत इंटरनेटवर टाकली आणि अहवालाचा मोठा भाग जगानं वाचला. म्हणजे जो कागद बीजिंगमधला कुणीही माणूस वाचू शकतो, तो कराडच्या विद्यार्थ्याला अधिकृतपणे मागता येत नाही. १९६५ साठी यशवंतरावांच्या दैनंदिनीचा आधार मिळतो, कारण त्यांचे तेव्हाचे स्वीय सचिव राम प्रधान यांनी ती पुढे पुस्तकरूपानं आणली. एका निष्ठावान अधिकाऱ्यानं कागद जपले म्हणून एका युद्धातला संरक्षणमंत्री आपल्याला बोलताना ऐकू येतो. त्यांच्या खात्याच्या फायली अभिलेखागारात असत्या तर असं नशिबावर राहावं लागलं नसतं.

१९७१ चं तर काय सांगावं. जिंकलेलं युद्ध, लपवावं असं फार थोडं. संरक्षण मंत्रालयाच्या इतिहास विभागानं त्याचा अधिकृत इतिहास लिहून तयार केला, तो मंत्रालयातच पडून राहिला आणि २००० मध्ये एका वर्तमानपत्रानं तो फोडला. लष्कराच्या पूर्व विभागाचे युद्धकाळातले कागद नष्ट केले गेल्याच्या बातम्या २०१० मध्ये आल्या. आपण १९७४ मध्ये त्या विभागाची सूत्रं घेतली तेव्हा कागद मागितले, ते फाडून टाकल्याचं उत्तर मिळालं, असं युद्धात त्याच विभागाचे चीफ ऑफ स्टाफ असलेल्या जनरल जेकब यांनीच तेव्हा सांगितलं. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यानं मात्र १९७१ च्या दक्षिण आशियाई संकटावरचा आपला कागदपत्रांचा खंड २००५ मध्ये प्रसिद्ध केला. ही माला ते १८६१ पासून छापतात, आणि घटनेला तीस वर्षं होईतो खंड निघाला पाहिजे असा कायदा त्यांनी १९९१ मध्ये केला. चार वर्षं उशीर झाला, पण खंड निघाला. म्हणून बांगलादेशाच्या मुक्तीचा इतिहास वाचताना निक्सन आणि किसिंजर यांच्या शिव्यांसकट संवाद मिळतात आणि इंदिराबाईंच्या मंत्रिमंडळाचं मौन मिळतं. ब्रिटननं १९५८ मध्ये पन्नास वर्षांचा नियम केला, १९६७ मध्ये तो तीसवर आणला आणि २०१० च्या कायद्यानं वीसवर. ते काही उदार झाले असं नाही. पण मुदत ठरली की कारकून त्याप्रमाणे कामाला लागतो.

आपल्याकडे मुदत आहे, पंचवीस वर्षं, पण यंत्र उलट्या बाजूनं चालतं. कायद्याच्या कलम १० प्रमाणे गोपनीय शिक्का असलेला कागद अभिलेखागाराकडे जाऊच शकत नाही. शिक्का काढायचा तर अवर सचिवाहून खालचा नसलेला अधिकारी नेमायचा आणि त्यानं दर पाच वर्षांनी फेरविचार करायचा, असं १९९७ चे नियम सांगतात. आता त्या अधिकाऱ्याच्या जागी उभं राहून बघू. शिक्का काढला आणि उद्या कुठे बोंब झाली तर सही त्याची. शिक्का ठेवला तर कुणी काही विचारत नाही. शिक्षेचं कलम ९ बघा: कागद बेकायदा देशाबाहेर नेला किंवा नियमाविरुद्ध नष्ट केला तर पाच वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड. पाठवायचा कागद पाठवलाच नाही तर? त्याला शिक्षाच नाही. तेव्हा जो अधिकारी काहीच करत नाही तो कायद्याच्या दृष्टीनं सर्वांत सुरक्षित. राष्ट्रीय अभिलेखागाराच्या जनपथवरच्या वाचनकक्षात बसलेल्या प्रत्येक संशोधकाला मागणीची चिठ्ठी ‘एनटी’ असा शेरा घेऊन परत येण्याची सवय असते. फाइल सूचीत आहे पण मंत्रालयाकडून आलेलीच नाही, असा त्याचा अर्थ. त्याचा राग अभिलेखागाराच्या कर्मचाऱ्यावर निघतो, जो बिचारा तुमच्याकडून येईल ते फडताळात लावण्यापलीकडे काही करू शकत नाही.

एक ठिकाण मात्र आहे जिथं हे काम होतं, आणि ते महाराष्ट्रात आहे. रिझर्व्ह बँकेनं १९७० मध्ये आपल्या इतिहासाचा पहिला खंड काढला, १९३५ ते १९५१ या काळाचा. मग पुढचे निघत गेले. १९८१ ते १९९७ चा चौथा खंड २०१३ मध्ये आला, म्हणजे त्यातल्या शेवटच्या घटनेला तेव्हा सोळाच वर्षं झाली होती. १९९१ च्या जुलैत परकीय चलनासाठी सुमारे ४७ टन सोनं मुंबईहून लंडनला गेलं, रुपयाचं दोनदा अवमूल्यन झालं, तो सगळा काळ त्यात येतो. बँकेनं १९८१ पासून पुण्यात स्वतःचं अभिलेखागार चालवलं आहे. मला मान्य आहे की संस्थेनं स्वतःचा लिहिलेला इतिहास जरा इस्त्री केलेला असतो, अडचणीच्या जागी त्यातली वाक्यं लांबतात आणि कर्तरी क्रियापदं गायब होतात. पण त्यावर वाद घालता येतो. अर्थ मंत्रालयाच्या बाजूनं १९९१ च्या त्याच आठवड्यांचा असा इतिहास नाही. तिथं वाद घालायला समोर कुणीच नाही, फक्त माजी अधिकाऱ्यांच्या परस्परांवर कुरघोडी करणाऱ्या आठवणी आहेत. १९९१ च्या फायलींची पंचवीस वर्षं २०१६ मध्ये भरली. कारगिलच्या २०२४ मध्ये.

सगळाच अंधार आहे असं म्हणणं अन्यायाचं होईल. परराष्ट्र मंत्रालयानं गेल्या काही वर्षांत बऱ्याच फायली दिल्या, आणि नेहरूकालीन परराष्ट्र धोरणावर तरुण संशोधकांनी जे नवं काम केलं त्यामागे त्या फायली आहेत. संरक्षण मंत्रालयानं जून २०२१ मध्ये युद्धांच्या इतिहासांचं धोरण जाहीर केलं: साधारणपणे पंचवीस वर्षांत कागद खुले करायचे, मोहिमेचा इतिहास लिहायला समिती नेमायची, मोहीम संपल्यावर पाच वर्षांत तो तयार करायचा. कारगिल आढावा समितीचा अहवाल काही भाग गाळून का होईना, २००० मध्ये म्हणजे युद्धानंतर वर्षभराच्या आत संसदेपुढे आला होता. मनात आलं की होतं.

मनात येण्यावर ते राहू नये, एवढीच तक्रार आहे. नेताजींच्या शंभर फायली २३ जानेवारी २०१६ ला खुद्द पंतप्रधानांच्या हस्ते खुल्या झाल्या. त्या खुल्या झाल्या हे उत्तम. पण जयंतीच्या मुहूर्तावर फायली उघडणं हे अनावरण झालं, आणि हस्तांतर हे महिन्याच्या महिन्याला होणारं कंटाळवाणं काम आहे. मला ते कंटाळवाणं काम हवं आहे. जी फाइल राजकारणाला उपयोगी ती समारंभानं उघडायची आणि बाकीच्या वाळवीला सोडायच्या, यात अभ्यासकाचा काही फायदा नाही. खासगी संग्रहांचंही तेच. तीन मूर्ती भवनातून नेहरूंच्या कागदांची ५१ खोकी २००८ मध्ये सोनिया गांधींकडे गेली, आता ती परत मागण्यावरून राजकारण चाललं आहे. दोन्ही बाजूंचे प्रवक्ते तावातावानं बोलतात. पंतप्रधानानं पदावर असताना लिहिलेला कागद घराचा की देशाचा, हा खरा प्रश्न आहे, आणि तो काँग्रेसच्या पंतप्रधानाला लागू असेल तर भाजपच्याही आहे. या पक्षांच्या भांडणात मला पडायचं नाही. सरकारी फाइल वेळच्या वेळी अभिलेखागारात गेली असती तर खोक्यांचं एवढं महत्त्व राहिलं नसतं.

तुमच्यापैकी जे मराठी आहेत, आणि दिल्लीत मराठी अधिकारी काही कमी नाहीत, त्यांच्याशी दोन शब्द अधिक मोकळेपणानं बोलतो. आपल्याकडे कागदासाठी झटण्याची परंपरा आहे. इतिहासाचार्य राजवाडे देशपांडे-कुलकर्ण्यांच्या माळ्यावरचे कागदांचे रुमाल धुंडाळत गावोगाव फिरले, १८९८ पासून त्यांनी साधनांचे बावीस खंड काढले. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभं राहिलं. पेशवे दप्तर इंग्रजांच्या ताब्यात होतं, ते आमच्या अभ्यासकांना दाखवा म्हणून किती अर्ज-विनंत्या झाल्या. पेशवाई बुडाल्यावर शंभरांहून जास्त वर्षांनी, १९३० ते १९३४ या काळात, गोविंद सखाराम सरदेसाई यांनी त्यातले निवडक कागद ४५ भागांत छापले. परक्या सरकारनं आमचे कागद आमच्यापासून लपवले, अशी आपली तेव्हाची तक्रार होती आणि ती खरी होती. आज सरकार आपलं आहे.

इथं आमच्या बाजूचा दोष सांगितला नाही तर पत्र एकांगी होईल. महाराष्ट्रातल्या इतिहास विभागांचा इतिहास पुष्कळदा १८१८ ला थांबतो, फार तर १९४७ पर्यंत ओढत येतो, आणि १९६० च्या मंगल कलशावर नारळ फोडून मोकळा होतो. त्यापुढचं सगळं ‘राज्यशास्त्र’. यशवंतरावांवर गौरवग्रंथांची कमी नाही, पण गृहमंत्री, अर्थमंत्री, परराष्ट्रमंत्री म्हणून त्यांच्या दहाएक वर्षांचा फायलींवर आधारलेला अभ्यास मराठीत हवा तसा झाला नाही. धनंजयराव गाडगीळ १९६७ ते १९७१ नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष होते; राज्यांना केंद्राची मदत वाटण्याचं सूत्र त्यांच्या नावानं ओळखलं जातं, स्पर्धा परीक्षेची मुलं ते घोकतात, ते सूत्र ठरलं कसं हे कुणी विचारत नाही. ज्या फायली खुल्या आहेत त्या वाचायलाही आमची मुलं जनपथवर पुरेशी जात नाहीत. ‘अभिलेख पटल’ या अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर घरबसल्या कागद दिसतात, तेही कितीजणांना माहीत आहे कोण जाणे. तेव्हा ‘मागणारेच नाहीत’ असं तुम्ही म्हणालात तर मला गप्प बसावं लागेल. पण कागद न मागता पाठवायचे आहेत, कायदा मागणीची वाट बघायला सांगत नाही.

आता नेमकं काय करावं. तुमच्या मंत्रालयानं या वर्षी किती फायली तपासल्या, किती अभिलेखागाराला दिल्या, किती शिक्क्यामुळे ठेवून घेतल्या आणि किती नष्ट केल्या, याचा वार्षिक अहवाल तुम्ही महासंचालकांना द्यायचाच असतो. तो मंत्रालयाच्या संकेतस्थळावर टाका. नष्ट केलेल्या फायलींची यादी विषयासकट टाका. ‘क’ वर्गात घालून दहा वर्षांत काढून टाकलेली फाइल काय होती, एवढं तरी पुढच्या माणसाला कळू द्या. ठेवून घेतलेल्या फायलीवर कारण आणि पुढच्या फेरविचाराचं वर्ष लिहा. संगणकावर फायली चालवणाऱ्या आजच्या ई-ऑफिसबद्दल विशेष काळजी वाटते. तिथं पिवळी म्हणजे कच्ची टिपणी खोडता येते, हिरवी म्हणजे पक्की राहते. जुन्या कागदावर खोडलेलंही दिसायचं. आणि निर्णय जर व्हॉट्सअॅपवर होत असेल तर निदान एका ओळीची नोंद फायलीत आली पाहिजे, नाहीतर २०५० मधल्या संशोधकाला आमच्यापेक्षाही कमी मिळेल. कागदाचा भरवसा नसतो हे आम्ही मुंबईत पाहिलं आहे. २१ जून २०१२ च्या आगीत मंत्रालयाचे मजले जळाले आणि त्यांच्याबरोबर किती फायली गेल्या. जी फाइल वेळेत अभिलेखागारात गेलेली असते ती अशा आगीतून वाचते.

आणि तो संघटनात्मक इतिहास. त्यासाठी मोठा ग्रंथ लगेच नको. विभाग कधी निर्माण झाला, कुठल्या खात्यातून फुटला, कोणते विषय कधी आले-गेले, सचिव कोण होते, महत्त्वाच्या फायलींचे क्रमांक काय, अशी वीस-पंचवीस पानं पुरेत. संशोधकाला ती नकाशासारखी उपयोगी पडतील, आणि लिहिताना तुम्हालाही कळेल की आपल्या रेकॉर्ड रूममध्ये नेमकं काय पडलं आहे. कृषी मंत्रालयातल्या सहकाऱ्यांना सुरुवातीसाठी १९६६ चं वर्ष सुचवतो. त्या फायलींची पंचवीस वर्षं १९९१ मध्ये भरली आहेत, बियाण्याची पोती केव्हाच संपली आहेत, आणि आक्षेप घेणारं आता कुणी उरलेलं नाही.

आपला,
इतिहासाचा एक शिक्षक

प्रत माहितीसाठी व योग्य त्या कार्यवाहीसाठी: महाराष्ट्रातील सर्व विद्यापीठांचे इतिहास विभाग